एक रोजा सुटला म्हणून बाकीचे एकोणतीस सोडतो का?

ईद होऊन वीस दिवस झाले होते. सकाळची शाळा होती आणि जळगावचे ऊन दहा वाजताच अंगावर येत होते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले. माझ्या डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी होती. रमजानच्या आधी सात-आठ महिने याच डब्यात कळण्याची भाकरी, मेथी किंवा गवार आणि चिरलेली काकडी असायची. शेजारी बसलेल्या मॅडमनी विचारले, "आपा, आपका परहेज?" मी म्हणाले, "अब कहाँ का परहेज! ईद में सब टूट गया. अब बकरी ईद के बाद देखेंगे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. संध्याकाळी लॅबमधून रिपोर्ट आणला, तेव्हा हसू गेले. रमजानच्या आधी माझे एचबीए१सी ६.९ वर आले होते. आता ते ८.१ होते.

पण मला रिपोर्टपेक्षा माझेच वाक्य जास्त टोचले. "बकरी ईद के बाद देखेंगे." हे वाक्य माझे नव्हतेच. ते माझ्या अब्बांचे होते.

अब्बा धुळ्याचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेले. वीस वर्षे साखरेचा आजार सांभाळला, म्हणजे खरे तर सांभाळला नाही. दर काही महिन्यांनी ते जोरात परहेज सुरू करत. साखर बंद, भात बंद, आंबा बंद, घरात सगळ्यांना तंबी. मग एखादी शादी, एखादी ईद, एखादा अकीका यायचा. एक वाटी शीरखुर्मा पोटात जायचा आणि अब्बा हात झटकून म्हणायचे, "टूट गया. अब ईद के बाद." एका ईदच्या मागे दुसरी ईद असतेच. आधी पायाचे एक बोट गेले, मग घोट्यापर्यंत पाऊल गेले. शेवटची दोन वर्षे ते खुर्चीवर बसून नमाज पढत.

हेच अब्बा नमाजच्या बाबतीत किती वेगळे होते! दुसऱ्या रकातीनंतर बसायचे विसरून उभे राहिले, तर "टूट गयी" म्हणून मुसल्ला गुंडाळून ठेवत नसत. शेवटी सजदा-ए-सहव करत, म्हणजे चुकीबद्दलचे दोन जादा सजदे, आणि नमाज पुरी करत. चूक झाली, तिची भरपाई झाली, इबादत पुढे चालू. जो माणूस दिवसातून पाच वेळा चुकीतून परत यायला शिकलेला होता, त्याला एका वाटी शीरखुर्म्यातून परत येता आले नाही. या लेखात मला एवढेच भांडायचे आहे. चुकीतून परत यायचे शास्त्र आपल्या दीनने आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. आपण ते दस्तरखानावर बसताना बाहेर चपलांपाशी काढून ठेवतो.

आम्हा बायकांना तर हे शिकवायचीही गरज नाही. दर रमजानमध्ये पाळीमुळे आमचे पाच-सात रोजे सुटतात. आठव्या दिवशी सहरीला उठताना कुठली बाई म्हणते, "सात तर गेलेच, आता राहिलेले कशाला ठेवायचे?" कुणीच नाही. आम्ही गुपचूप उठतो, नियत करतो आणि पुढचा रोजा ठेवतो. सुटलेले मोजून ठेवतो आणि थंडीच्या लहान दिवसांत एकेक करून फेडतो. त्याला कजा म्हणतात. त्यात रडारड नाही आणि जाहिरातही नाही. मग एका दावतीनंतर पूर्ण परहेज सोडून देणारी बाई हीच का?

हा दोष फक्त आपला आहे असेही नाही. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग समोर आइस्क्रीम ठेवले. पोटात मिल्कशेक गेलेला, म्हणजे आइस्क्रीम कमी जायला हवे. झाले उलटे. ज्यांना मिल्कशेक मिळाला नव्हता त्यांनी स्वतःला आवरले, आणि ज्यांना मिळाला होता त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्ले. डाएट मोडलेच आहे, आता आवरून काय उपयोग, हा तो हिशोब. हर्मन आणि त्यांच्या सहकारी जॅनेट पोलिव्ही यांनी पुढे याच सवयीवर अनेक वर्षे काम केले. आपल्या मोहल्ल्यात या प्रयोगाची गरज नाही. "मरने दो, अब तो खा ही लिया," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. हिंदू शेजारणींकडे हेच वाक्य दिवाळीच्या फराळानंतर ऐकू येते आणि तिथे "सोमवारपासून" अशी तारीख मिळते.

आता हिशोब करू या. एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, आणि त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा. याचा अर्थ काय? ईदचा एक दिवस हा नव्वद दिवसांतला एक दिवस आहे. त्या एका वाटीने माझा आकडा ६.९ वरून ८.१ वर नेला नाही. तो नेला रमजानभरच्या इफ्तारच्या भज्यांनी आणि सरबतांनी, आणि त्याहून जास्त ईदनंतरच्या वीस दिवसांनी, ज्यांत ना सण होता, ना पाहुणे होते. होते ते फक्त माझे "अब कहाँ का परहेज". गुन्हेगार म्हणून आपण शीरखुर्म्याला पकडतो आणि खरा गुन्हेगार डब्यात पुऱ्या घेऊन स्टाफरूममध्ये हसत बसलेला असतो.

हा प्रश्न एका बाईच्या डब्यापुरता असता तर मी लेख लिहिला नसता. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या मोहल्ल्यात मैयतीला गेलात तर बायकांच्या बैठकीत कान देऊन पहा. किडनी, डोळे, पाय, लकवा. आणि सगळ्यांच्या गोष्टीत एक वाक्य समान असते: "परहेज करते थे, फिर छूट गया." सुटले कसे हे प्रत्येकीला सांगता येते. परत धरले का नाही, हे कुणी विचारतच नाही.

परत यायचे नाव काढले की आपल्याकडे दुसरा एक रोग सुरू होतो. त्याला मी कफ्फाऱ्याचा रोग म्हणते. कजा म्हणजे एकाच्या बदल्यात एक. कफ्फारा म्हणजे जाणूनबुजून रोजा तोडल्याचा दंड, सलग साठ रोजे. खाण्यातली चूक झाली की आपण थेट दंड वसूल करायला निघतो. दोन दिवस फक्त पाणी. आठवडाभर कारल्याचा रस. व्हॉट्सअॅपवर आलेला कुठला तरी काढा. तासभर उन्हात चालणे. हे सगळे तिसऱ्या दिवशी कोसळते आणि मग पुन्हा "टूट गया". शिवाय यात जिवाचा धोका आहे. गोळी किंवा इन्सुलिन नेहमीइतकेच घ्यायचे आणि जेवण मात्र बंद करायचे, म्हणजे साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, चक्कर, बेशुद्धी. खाण्यात किंवा औषधात मोठा बदल करायचा तर आधी डॉक्टरांना विचारा. काल जास्त खाल्ले म्हणून आज उपाशी राहणे ही कुठलीच तौबा नाही.

उलट चूकही होते. काही जण परहेज सुटले की शरमेने गोळ्याही सोडतात आणि दवाखान्यात जाणेही टाळतात. नमाजमध्ये वाजिब सुटले तर सजदा-ए-सहवने भागते, पण फर्ज सुटला तर नमाज पुन्हा पढावी लागते. औषध हा फर्ज आहे असे समजा. शीरखुर्मा खाल्ला तर भरपाई करता येईल, पण त्या लाजेने गोळी सोडू नका. आणि डॉक्टरांपासून रिपोर्ट लपवू नका. मी लपवला होता. महिनाभर गेले नाही, कारण मागे एकदा एका डॉक्टरांनी भरल्या ओपीडीत मला विचारले होते, "टीचर आहात ना? एवढा कंट्रोल नाही?" पेशंटला शरमेने घरी बसवणारे हे वाक्य कोणत्या पुस्तकात शिकवतात, मला माहीत नाही. मी वर्गात शुद्धलेखन चुकलेल्या पोराला असे बोलले, तर ते पोर वही आणणेच बंद करते. तेवढे मला बीएडला शिकवले होते.

तिसरे भांडण डाएटच्या कागदाशी आहे. मला पहिल्यांदा मिळालेल्या छापील कागदावर ओट्स, ब्राऊन ब्रेड, ब्रोकोली आणि ऑलिव्ह ऑइल होते. तो कागद ज्याने लिहिला त्याने खानदेशचा बाजार पाहिला नसावा. ज्या जळगावातून डाळ देशभर जाते, ज्याच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जळगावच्या बाईने ब्रोकोली शोधत फिरायचे? परका कागद पहिल्या धक्क्याला फाटतो, कारण तो कधी आपला झालेलाच नसतो. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, भाजलेल्या वांग्याचे भरीत, तुरीचे किंवा उडदाचे वरण, दही, कांदा, मुळा, अंडे, शोरब्यातले मटणाचे दोन तुकडे: हे सगळे आपल्या घरात आधीच आहे. परतायचे ठिकाण घराच्या जवळ असले की परतणे सोपे जाते. फक्त भाकरीला औषध समजू नका. चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर चढणारच, आणि भरितावर तेलाचा तवंग आणला तर वांग्याचा काही दोष नाही.

कोणी म्हणेल, आम्ही दीक्षित डाएट करतो. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे, अशी पद्धत महाराष्ट्रभर पोहोचवली. आमच्या शाळेतही एका वर्षी निम्मा स्टाफ घड्याळ लावून जेवत होता. ती पद्धत चांगली की वाईट, या वादात मी इथे पडत नाही. मला एवढेच दिसले की ज्या दिवशी तिसऱ्यांदा चहा-बिस्किट झाले, त्या दिवशी अनेकांनी पद्धतच सोडली. आणि आपण मुसलमान तर रमजानमध्ये मुख्यतः दोनच वेळा जेवतो. तरी ईदला सलवार घट्ट होते ती कशी? घड्याळ पाळले पण ताट पाळले नाही. पद्धत कोणतीही घ्या, तिच्यात मोडल्यानंतर काय करायचे याचे पान नसेल तर ती अर्धवट आहे.

चौथे भांडण यजमानांशी, आणि हे मला सगळ्यात जड जाते, कारण ते माझ्याच माणसांशी आहे. ईदनंतर धुळ्याला माझ्या भाचीची शादी होती. पुलाव, दालचा, मग जर्दा. मी थोडे थोडे घेतले आणि हात आवरला. खालांनी ताटात आणखी एक पळी घातली. मी नको म्हणाले. "साल में एक बार आती है. हमारी खुशी में खुश नहीं क्या?" आता यावर काय बोलणार? नाही म्हटले तर बेअदबी, खाल्ले तर साखर. मी खाल्ले. खालांना स्वतःला डायबिटीस आहे. त्यांनीही खाल्ले. आम्ही दोघींनी एकमेकींचा मान राखला आणि एकमेकींचे नुकसान केले.

मेहमाननवाजी सुन्नत आहे, मान्य. पण पाहुण्याच्या तोंडात घास कोंबणे ही कुठली सुन्नत? ज्या कुरआनात खाण्यापिण्याची मुभा आहे, त्यातच त्याच दमात इस्राफला, म्हणजे अतिरेकाला मनाई आहे. पाठ ताठ राहील इतके घास पुरे, आणि फारच झाले तर पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही शिकवण आपल्या प्रत्येक खुत्ब्यात येते. मग शादीच्या मांडवात ती कुठे जाते? आजारी माणसाला अल्लाहने रोजाही माफ केला आहे. आपण मात्र त्याला एक पळी जर्दा माफ करत नाही.

आणि घरातल्या बाईचे काय? नवऱ्याचे परहेज असते तेव्हा ती त्याची भाकरी वेगळी थापते, पोरांच्या पुऱ्या वेगळ्या तळते. तिचे स्वतःचे परहेज असते तेव्हा तिच्यासाठी वेगळे कोण करते? ती सगळ्यांच्या नंतर बसते. तिच्या ताटात पातेल्याच्या तळाचा भात, पोराने टाकलेली अर्धी पुरी आणि वाटीतला उरलेला शीरखुर्मा येतो, कारण अन्न फेकणे गुनाह आहे. इस्राफ टाळायचा म्हणून बाईच्या पोटाचा उरलेल्याचा डबा करायचा, हा कुठला न्याय? मग सहा महिन्यांनी तिला विचारायचे, "परहेज क्यूँ छोड़ दिया?" तिने सोडले नाही. घराने तिच्याकडून सोडवून घेतले. पुरुषांनो, उरलेले अन्न फ्रीजमध्ये ठेवायला हात लागतात, बाईच असावे लागत नाही.

आता एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. "आपा, तुम्ही तर सूट देताय. चूक झाली तरी चालते म्हटले की लोक रोज चूक करतील." माझे उत्तर असे: कजा ही सूट नव्हे. कजा म्हणजे कर्ज आहे आणि ते फेडेपर्यंत डोक्यावर राहते. "सब टूट गया" म्हणणारा माणूस मात्र कर्ज बुडवतो. त्याने आपला हिशोबच फाडून टाकलेला असतो. जो म्हणतो, "दुपारी दोन पळ्या जास्त झाल्या, रात्री अर्धी भाकरी, भाजी आणि डाळ," तो जास्त कडक आहे, कारण तो मोजतो आहे. आणि रोजचे थोडेसे अमल अल्लाहला अधिक प्रिय, हे तर आपण मदरशाच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलो. महिनाभराचा जोश आणि वर्षभराची सुट्टी, याला आपण इबादतीत कमी लेखतो. मग खाण्यात त्याचे कौतुक कशाला?

मी स्वतः काय केले ते सांगते, म्हणजे कुणी म्हणायला नको की मास्तरीण फक्त फळ्यावर लिहिते. रिपोर्ट आला त्या रात्री मी सोमवारची वाट पाहिली नाही. बकरी ईदचीही नाही. रात्रीचे जेवण हीच तारीख धरली. एक कळण्याची भाकरी, पातळ वरण, काकडी. उपास नाही, कारल्याचा रस नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात पुऱ्या नव्हत्या. मॅडमनी पुन्हा विचारले, "बकरी ईद के बाद वाला क्या हुआ?" मी म्हणाले, "कजा शुरू कर दी." त्यांना लगेच कळले. समजावून सांगावे लागले नाही. चौथ्या दिवशी दवाखान्यात गेले, दुसऱ्या डॉक्टरांकडे, आणि वीस दिवसांचे सगळे खरे सांगितले. फजरनंतर मेहरूण तलावावर चालणे पुन्हा सुरू केले. पहिल्या दिवशी अर्धाच फेरा झाला. अर्धा तर अर्धा.

घरी एक नियम केला. उरलेले अन्न झाकून फ्रीजमध्ये जाईल, माझ्या ताटात येणार नाही. पहिले दोन दिवस सासूबाई गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच डबा काढून दिला.

बकरी ईद आली तेव्हा मी मटण खाल्ले. दोन दिवस थोडे जास्तच झाले, खोटे बोलत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापायला बसले तेव्हा मुलगी म्हणाली, "अम्मी, ईद तो अभी खतम हुई." मी म्हटले, "हाँ, इसीलिए."

खाला पुढच्या महिन्यात जळगावला येणार आहेत. त्यांच्यासाठी भरीत करणार आहे. त्यांनी नको म्हटले की दुसऱ्यांदा वाढणार नाही, आणि त्याला त्या बेअदबी म्हणाल्या तर ऐकून घेईन. अब्बांच्या ताटात "एक चम्मच और" म्हणून शीरखुर्मा वाढणाऱ्या हातांमध्ये माझाही हात होता. त्या हाताची कजा अजून बाकी आहे.